या जेवायला!

जेवत असताना दारात कोणी आले की ‘या जेवायला’ म्हणायचे आणि आलेल्याने ‘होऊ द्या सावकाश’ म्हणून बाजूला थांबायचे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. पाहुणा बसणार नाही हे बोलावणाऱ्याला ठाऊक असते, आणि बसायचे नसते हे पाहुण्यालाही. तरी दोघांना बरे वाटते. हा शिरस्ता म्हणजे आपलीच मिरास, अशी माझी समजूत होती. ती फिलिपीन्समधल्या एका पत्र्याच्या छपराखाली, वयाच्या सत्तराव्या वर्षी दूर झाली.

माझी मुलगी लॉस बान्योसला असते. मनिलाच्या दक्षिणेस साठेक किलोमीटरवर, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी हे गाव आहे. १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था तिथेच, ‘आय. आर. ८’ हे गाजलेले वाण तिने १९६६ साली बाहेर आणले. मुलगी त्याच संस्थेत काम करते. महिनाभर राहायला म्हणून मी गेलो, आणि सकाळी ती कामावर गेली की दुपारच्या जेवणाचा प्रश्न माझा मलाच सोडवावा लागे.

कोपऱ्यावर एक कारिंदेरिया होती. कारिंदेरिया म्हणजे तिथली स्वस्त खानावळ. चार बाके, प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ, आणि समोर झाकण घातलेल्या पातेल्यांची रांग. येणारा एकेक झाकण उचलून आत डोकावतो आणि हवे त्याकडे बोट दाखवतो. म्हणूनच अशा जागेला ‘तूरो-तूरो’ असेही म्हणतात; तूरो म्हणजे बोट दाखवणे. भाषा न येणाऱ्या माणसाला याहून सोयीची खानावळ कुठली? वाटीने मूद पाडावी तसा पेल्याने पाडलेला भात, त्याला कानिन म्हणायचे, आणि भाताबरोबर जे कालवण असेल ते उलाम. एका पेल्याने भागले नाही तर आणखी भात मागायचा. हातात चमचा आणि काटा. सुरीचे काम चमच्याच्या कडेनेच भागते.

मुलीने बजावले होते, ‘‘बाबा, भाजी दिसली म्हणून ती शाकाहारी समजू नका हं!’’ तिचे खरे होते. कारले, वांगे, भेंडी आणि भोपळा यांची पिनाकबेत नावाची सुरेख भाजी मी आनंदाने घेतली, तर तिच्यात खारवलेल्या कोळंबीचे बागोओंग! मी मूळचा रत्नागिरीचा. माझे काही बिघडले नाही. चिंचेच्या आंबट पाण्यातला मासा, म्हणजे सिनिगांग, मला सोलकढीइतकाच पचला. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने, म्हणजे लाईंग, खाताना आपले फदफदे आठवून घास घशाशी अडला. शुक्रवारी मात्र हमखास मुगाची आमटी असे. सोबत कच्च्या पपईचे लोणचे. त्याचे नाव अच्चारा! त्यांच्या भाषेत चेहऱ्याला मुखा म्हणतात, शिक्षकाला गुरो आणि आशेला आसा. हे कळल्यावर मी परक्या मुलखात आहे हेच मला पटेना.

खानावळवाल्या बाईंना सगळे ‘आते’ म्हणत. आते म्हणजे थोरली बहीण. त्या मला ‘लोलो’ म्हणू लागल्या. लोलो म्हणजे आजोबा. त्यांच्याकडे एक वही होती, उधारीची. ती वही पाहिली आणि मला माझी आई आठवली.

१९६८ साली वडील गेले आणि आईने पुण्यात, सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, खानावळ सुरू केली. आधी चार विद्यार्थी, मग चौदा. तिच्याकडेही अशीच वही होती, आणि तिच्यातली बरीच नावे पैसे न देताच गावी परत गेली. त्याबद्दल तिने कधी कुणाला बोल लावला नाही. सगळ्यांची पाने उठली की दुपारी तीनच्या सुमारास ती एकटी जेवायला बसे. पातेल्याच्या तळाची खरवड आणि उरलेसुरले काहीतरी. त्या वेळी पोस्टमन आला तरी ती म्हणे, ‘‘या जेवायला!’’

मी कॉलेजात गेलो आणि मला त्या खानावळीची लाज वाटू लागली. एकदा वर्गातला एक श्रीमंत मित्र अचानक घरी आला. आईने त्याला आग्रहाने पानावर बसवले. आमटी वाढून ती आत वळताच त्याने हळूच विचारले, ‘‘ही तुझी आई का रे?’’

मी म्हणालो, ‘‘नाही. स्वयंपाकाच्या बाई आहेत.’’

आई दारापासून दोन हातांवर होती. तिने ऐकले की नाही, हे मला आजवर कळलेले नाही. बाहेर येऊन तिने माझ्या भातावर रोजच्यासारखे तूप वाढले. १९९१ साली ती गेली. विचारायचे राहिले ते राहिलेच.

त्या कारिंदेरियात बाईंचा मुलगा शाळा सुटली की येई, आणि गणवेशातच टेबले पुसू लागे. एके दिवशी त्याच्याबरोबर चार मित्र आले. चांगल्या घरची मुले दिसत होती. आत येतायेताच तो मोठ्याने ओरडला, ‘‘नाय!’’ आमच्या कोकणात नाय म्हणजे नाही. कशाला नाही म्हणतोय हा, म्हणून मी वर पाहिले. तो हात करून मित्रांना पातेल्यांमागच्या घामेजलेल्या बाईंकडे नेत होता. संध्याकाळी मुलीने सांगितले, ‘‘नानाय म्हणजे आई. हाक मारताना नुसते नाय म्हणतात.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधताबांधता मला उशीर झाला. तीन वाजता त्या बाजूने गेलो तेव्हा पातेली पालथी घातलेली होती. बाई एकट्याच जेवत होत्या. ताटलीत भाताची खरवड आणि थोडी मुगाची आमटी. मला पाहताच त्या म्हणाल्या, ‘‘काईन तायो, लोलो!’’

काईन तायो म्हणजे चला, जेवू या. महिनाभरात हे शब्द मी कितीदा ऐकले होते आणि हसून मान हलवून पुढे गेलो होतो. तिथलाही शिरस्ता तोच आहे. ‘होऊ द्या सावकाश’ अगदी ओठांवर आले. पण पाय पुढे जाईनात. मी त्यांच्यासमोर बसलो.

बाई क्षणभर चकित झाल्या. मग हसल्या, दुसरी ताटली घेतली आणि आपल्यातली अर्धी खरवड तिच्यात घातली. ती जराशी करपलेली होती. मी सगळी संपवली.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. तिने विचारले, ‘‘बाबा, दुपारी नीट जेवलात ना?’’

मी म्हणालो, ‘‘जेवलो. आता जरा बस माझ्याजवळ. तुझ्या आजीची एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे.’’