सोवळ्यातला किलो

अंगाने ठेंगणा. उंची ३९ मिलिमीटर, व्यासही साधारण तेवढाच; मुठीत झाकला जाईल एवढा. ९० टक्के प्लॅटिनम, १० टक्के इरिडियम, कडा तासून बोथट केलेल्या. पण त्याला मुठीत घ्यायची कुणाची छाती नव्हती. पॅरिसजवळ सेव्र इथे, वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाच्या तिजोरीत, एकात एक ठेवलेल्या काचेच्या घुमटांखाली तो बसलेला. तिजोरीला तीन चाव्या, तिघांकडे एकेक. तिघे जमल्याशिवाय दर्शन नाही. फ्रेंच मंडळी त्याला लाडाने ‘ल ग्राँ का’ म्हणतात. थोरला किलो.

जन्म १८७९ चा, लंडनमधल्या धातुकारांच्या हातून. १८८९ मध्ये परिषद भरवून त्याला गादीवर बसवलं आणि सांगून टाकलं: हा जेवढा भरेल, तेवढ्याला किलो म्हणायचं.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तराजूशेजारी वजनपेटी असे. आत मखमलीच्या खाचांत पितळी वजनं, आणि मिलिग्रॅमची पातळ पत्र्याची पिल्लं. त्यांचा एकेक कोपरा चिमट्यात धरता यावा म्हणून वर वळवलेला. बोट लावलं की डेमॉन्स्ट्रेटर खेकसत. बोटाचा घाम वजनात जमा होतो, हे मला तेव्हा खरं वाटत नसे. पुढे तीस वर्षं मीही तसाच खेकसलो.

थोरल्याचं सोवळं याहून कडक. इथर आणि अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ चामड्याने अंग पुसायचं, मग शुद्ध पाण्याच्या वाफेने अंघोळ. (चामड्याने पुसलेलं सोवळं आमच्या आजीला चाललं नसतं, ते सोडा.) इतकं करूनही हवेतला मळ अंगावर बसतोच, आणि वजन तसूतसूने वाढतं. मग किलो नेमका कुठला, मळलेला की धुतलेला? १९८९ मध्ये यावर रीतसर निर्णय झाला: नुकती अंघोळ झालेला.

त्याचा संसार मोठा. त्याच्यासोबत सहा साक्षीदार ठेवलेले आणि देशोदेशी नंबर घातलेल्या प्रती. आपल्याकडची ५७ नंबरची, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या लोखंडी वजनाच्या पोटात शिसं भरलेलं असे आणि त्यावर निरीक्षकाचा ठसा. ते वजन निरीक्षकाच्या वजनाशी ताडलेलं, निरीक्षकाचं त्याच्या वरच्याशी, असं करत दिल्ली, आणि दिल्लीहून सेव्र. मापात पाप आहे का, हे शोधत कुणी वर वर चढत गेला असता तर शेवटी या तीन चाव्यांच्या दारापाशी पोचला असता. तिथून पुढे जिना नव्हता.

धान्य मापताना आई पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे. ‘लाभ’ म्हणे, मग दोन, तीन. आकड्यांच्या हिशेबात देवाचं नाव कशाला, म्हणून मी कुरकुरत असे. आता वाटतं, सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आम्ही भौतिकशास्त्रज्ञही पहिल्या मापाला ‘लाभ’च म्हणत होतो. बाकी सगळं मोजायचं, पहिलं फक्त मानायचं.

मग थोरल्याचं बिंग फुटलं. म्हणजे, फुटलं असं म्हणायची सोय नव्हती, हीच तर गंमत. तो क्वचितच बाहेर येई. १९८८ ते १९९२ या काळात त्याला आणि प्रतींना काट्यावर समोरासमोर आणलं, तर बहुतेक प्रती त्याच्यापेक्षा जड भरल्या. शंभर वर्षांतला फरक ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास. बोटाच्या ठशाइतका, वाण्याच्या पासंगालाही पुरला नसता. पण प्रती जाड्या झाल्या की थोरला झिजला? व्याख्येप्रमाणे थोरला झिजूच शकत नव्हता. त्याच्या अंगावरचा कण उडाला तर बाकीचं विश्व तेवढं जड झालं म्हणायचं! कितीही भाविक असला तरी माणूस देवळातल्या मूर्तीची झीज डोळ्यांनी पाहतो, वज्रलेप करून घेतो. आम्हाला तेवढीही मुभा नव्हती.

म्हणून त्याला उतरवायचं ठरलं, आणि ठरवलं त्याच्याच पुजाऱ्यांनी. ब्रायन किबल यांच्या तराजूत एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला विजेच्या प्रवाहाने आणलेला जोर; त्यातून वजनाचं नातं प्लांकच्या स्थिरांकाशी जुळतं. १६ नोव्हेंबर २०१८ ला व्हर्सायमध्ये मतदान झालं, आणि २० मे २०१९ पासून किलो त्या स्थिरांकावर टांगला गेला.

विज्ञानातली श्रद्धा त्या दिवशी संपली, असं एक सहकारी मला पेढा देताना म्हणाला. पेढा घेतला, म्हणणं घेतलं नाही. प्लांकचा आकडा आम्हीच मतदानाने गोठवला आहे, आणि तो इथे, तिथे, काल, उद्या सारखाच असतो हे धरून चाललो आहोत. फरक एवढाच की त्याला तिजोरी नाही. पैसा आणि चिकाटी असेल तर कोणत्याही देशाने तराजू उभारावा आणि दुसऱ्याच्या तराजूशी भांडावं.

थोरला अजून सेव्रलाच आहे. पण विद्यार्थ्यांच्या जर्नलात एखादं माप नुसतं लिहिलेलं दिसलं की मी लाल पेनाने जे चिन्ह काढत आलो, ते त्याच्याही नावापुढे लागलं. गादी सोडतानाचं त्याचं वजन: एक किलो, अधिक-उणे १० मायक्रोग्रॅम. पुढचं काट्यावर ठेवून बघायचं.