थेंबाच्या मागावर

सिएटलचा पाऊस ऑक्टोबरात राहायला येतो आणि एप्रिल उलटला तरी बिऱ्हाड हलवत नाही. मोजायला गेलं तर तो फार नसतो. वर्षभरात साधारण हजार मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात जवळजवळ तेवढा कोसळतो. पण मुंबईचा पाऊस आदळतो आणि वाहून जातो. इथला बारीक, अबोल, दिवसच्या दिवस रेंगाळणारा. मोठ्या सरीला जिथे शिरायला सवड नसते तिथे हा सावकाश पोचतो. लेक युनियन या तलावाच्या धक्क्याला बांधलेल्या शिडाच्या बोटीत बसून मी त्याला डेकवरून फिरताना ऐकतो, आणि कान मात्र दुसऱ्याच एका आवाजाकडे लागलेला असतो. आतल्या बाजूचा, एकट्या थेंबाचा.

बोट सत्तरच्या दशकातली, फायबरग्लासची. त्या काळात अमेरिकेत अशा बोटी साच्यांतून हजारोंनी निघाल्या आणि दणकट निघाल्या. पन्नास वर्षं होत आली तरी त्यांची अंगं शाबूत आहेत. फायबरग्लास सहसा गळत नाही. गळतात ती भोकं. कठड्याचे खांब, दोर अडकवायचे क्लीट, विंच, खिडक्या, वरच्या झडपा, शिडाचे दोर सरकायचे रूळ, या प्रत्येकाचे बोल्ट डेकच्या आरपार गेलेले असतात. लहानशा बोटीवरही अशी भोकं शंभराच्या पुढे जातात. प्रत्येक भोकात कधीतरी कुणीतरी लेप भरलेला असतो, आणि प्रत्येक लेपाचं आयुष्य ठरलेलं असतं. उन्हाने तो वाळतो. खांबाला धरून माणसं बोटीवर चढतात, खांब केसभर हलतो, लेप सुटतो. खिडक्यांची तर वेगळीच तऱ्हा. अ‍ॅक्रिलिकची काच उन्हात अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीपेक्षा जवळपास तिप्पट प्रसरण पावते. वर्षानुवर्षं दोघांची ही रोजची ओढाताण चाललेली, आणि मधल्या चिंचोळ्या लेपाने ती सोसायची.

माझ्या उशीजवळ थेंब पडतो. त्याच्या बरोबर वर छताचं अस्तर आहे आणि अस्तराच्या वर एकही भोक नाही.

कोकणातल्या आमच्या कौलारू घरात आजोबा पहिल्या पावसात माळ्यावर चढायचे. खाली थेंब पडतो तिथे पातेलं ठेवून आजी मोकळी व्हायची; आजोबा मात्र वाशावरचा ओला ओघळ पाहत वर वर सरकायचे. "पडतो तिथं बघू नकोस रे, येतो कुठनं ते बघ," असं म्हणत ते थेट आढ्याजवळच्या फुटक्या कौलापर्यंत पोचायचे. खालचा थेंब आणि वरचं कौल यांत कधी कधी अख्ख्या खोलीचं अंतर असे. बोटीतही हाच प्रकार, फक्त वासा दिसत नाही. पाणी डेक आणि अस्तर यांच्या मधल्या अंधारात शिरतं, तारांच्या जुडग्यावरून चालतं, एखाद्या आडव्या पट्टीपाशी साठतं आणि मग सोयीच्या जागी खाली उतरतं. वर बोट काही स्थिर नाही. धक्क्याला ती सरळ असते, तेव्हा थेंब डावीकडे. शीड भरून ती कलली की साठलेलं पाणी वाट बदलतं आणि त्याच गळतीचा थेंब उजवीकडच्या पुस्तकांवर येतो.

म्हणून सुरुवात अस्तर उतरवण्यापासून. ते काम जिवावर येतं, पण त्याला पर्याय नाही. बोल्टांच्या नटांभोवती बघायचं: कुठे तपकिरी डाग, कुठे वाळलेल्या पाण्याची कड. कधी तो डाग गळतीचा नसतोच. हिवाळ्यात आत चहा उकळला, दोन माणसं रात्रभर झोपली, की श्वासांची वाफ थंडगार नटांवर जमून ओघळते. तेव्हा बोट कोरडी करून काही दिवस रिकामी ठेवायची, आणि पाऊस पडून गेल्यावर पाहायचं. समुद्रावरच्या बोटींना आणखी एक सोय असते: तळाशी साचलेलं पाणी जिभेला लावायचं. खारं असेल तर खालून आलं, गोडं असेल तर आभाळातून. आम्हाला ती सोय नाही. लेक युनियन आणि समुद्र यांच्यामध्ये १९१७ साली सुरू झालेली बॅलार्डची लॉकगेटं आहेत आणि त्यांच्या आतल्या अंगाला पाणी गोडंच. मग कोरड्या आठवड्यात तळ भरतो का हेच पाहावं लागतं.

पाण्याची नळी घेऊन शोधायचं तर उताराच्या खालच्या टोकाकडून सुरू करावं आणि एकेक बोल्ट करत वर जावं. वरून सुरू केलं तर पाणी खालच्या साऱ्या भोकांवरून वाहतं आणि कुणाचंच नाव निश्चित होत नाही. प्रत्येक जागी पुरेसा वेळ थांबायचं, कारण आतल्या वाटेने खाली यायला पाण्याला वेळ लागतो. दुसरी रीत मला जास्त आवडते. पाचोळा उडवायच्या ब्लोअरने बोटीत हवा भरायची, सगळ्या झडपांच्या कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि डेकवर साबणाचं पाणी फिरवायचं. आतली हवा बाहेर येताना पाण्याचीच वाट उलटी चालते. गळका बोल्ट फुगे काढून स्वतः बोलतो. कठड्याच्या ज्या खांबावर कधी संशयही आला नव्हता त्याच्या बुडाशी फेसाचा इवलासा डोंगर उभा राहताना पाहिला, की अख्ख्या हिवाळ्याचा शीण उतरतो.

उशीवर पडणाऱ्या थेंबाचा राग येतो खरा, पण मला तो त्यातल्या त्यात सज्जन वाटतो. तो निदान सांगतो. न सांगणारं पाणी भयंकर. डेकच्या वरच्या आणि खालच्या फायबरग्लासच्या मधोमध बाल्सा लाकडाचे ठोकळे असतात, धागे उभे ठेवून बसवलेले. त्यामुळे डेक हलका राहतो आणि पायाखाली लचकत नाही; लाकूड कोरडं असेपर्यंत. बोल्टाच्या कडेने उतरलेलं पाणी या बाल्सात मुरलं, तर आत एकही थेंब न पडता डेक कुजत जातो. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलं की धड जागी टणक आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बद्द. तो बद्द आवाज ऐकणं फार जड जातं.

चेनप्लेटचं दुखणं याहून खोल. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना अडकतात त्या चेनप्लेट. स्टेनलेस स्टील तगतं ते क्रोमियममुळे. ऑक्सिजन मिळाला की त्याच्यावर न दिसणारा पापुद्रा धरतो, ओरखडला तरी पुन्हा धरतो. पण डेकच्या जाडीत, जिथे ओल आहे, समुद्रावरून आलेलं मीठ आहे आणि हवा नाही, तिथे तो पापुद्रा सावरत नाही. पट्टी वर चकचकीत, खाली चकचकीत, आणि मधल्या बोटभर अंधारात चिरत चाललेली. एक दिवस भर वाऱ्यात ती तुटते आणि डोलकाठी आडवी होते.

म्हणूनच वरून फासलेल्या सिलिकॉनबद्दल माझं मत कडक आहे. आधीच्या मालकाने जिथे थेंब दिसला तिथे वरच्या कडेला सिलिकॉनची वळकटी ओढून ठेवली होती. त्याने वाट बुजत नाही, खूण बुजते. शिवाय सिलिकॉनचा अंश जिथे राहतो तिथे पुढे दुसरा कुठलाच लेप धड चिकटत नाही. खरवडून, घासून सगळं मुळापासून काढावं लागतं. दुरुस्ती करायची तर वस्तू उचकटूनच करावी. भोक गरजेपेक्षा मोठं पाडायचं, कडेचं ओलं लाकूड कोरून काढायचं, खालून पट्टी लावून पोकळीत दाट कालवलेलं इपॉक्सी भरायचं, आणि ते कडक झालं की त्याच्या मधोमध बोल्टाचं नवं भोक. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. पुढे कधी लेप सुटला तरी पाणी सरळ आत पडेल, दिसेल, बाल्सात जाणार नाही. त्या भोकाच्या तोंडाशी किंचित उतरती कड घ्यायची आणि बोल्टाच्या माथ्याखाली ब्यूटाइल रबराची पट्टी मळून गुंडाळायची. ब्यूटाइल वर्षानुवर्षं वाळत नाही. खांब हलला तर तेही त्याच्याबरोबर हलतं. बोल्ट वरून घट्ट धरून फक्त नट फिरवायचा, थोडा आज, थोडा उद्या. कडेने बाहेर आलेलं ब्यूटाइल कापून टाकायचं.

हे सारं उन्हाळ्यात. इपॉक्सीला कोरडेपणा हवा आणि ऊब हवी, आणि इथल्या जुलैत सरासरी दोन सेंटिमीटरही पाऊस होत नाही. कोकणात होड्या ओढून, झापांनी शाकारून नारळी पौर्णिमेची वाट पाहतात त्या दिवसांत मी डेकवर गुडघ्यांवर असतो.

एक गळती मात्र मी तशीच ठेवली आहे. आमची डोलकाठी डेकवर थांबत नाही, डेकमधून उतरून खाली बोटीच्या कण्यावर, कीलवर टेकते. डेकपाशी तिच्याभोवती रबराची कॉलर आहे, ती बाहेरचं पाणी अडवते. पण दोर आत-बाहेर जाण्यासाठी डोलकाठीला वर खाचा आहेत आणि त्यांतून पाऊस तिच्या पोटात शिरतो. तो अडवायचा नाही. तिच्या पायथ्याशी एक लहान भोक आहे. ते बुजलं तर अ‍ॅल्युमिनियमचा पाय पाण्यात उभा राहून खंगतो. दर ऑक्टोबरात मी त्या भोकात तार घालून फिरवतो, कोळ्याची जाळी आणि पांढरट भुगा बाहेर काढतो, आणि बॅटरीच्या उजेडात पाहतो, पाणी वाहत पंपाच्या खळग्यात उतरतंय ना. तिथून पुढचं काम पंपाचं.