दान आणि देणे

माझे अक्षर चांगले आहे, ही गोष्ट आमच्या घरी सर्वमान्य आहे. लग्नपत्रिकांवरील पत्ते, सत्यनारायणाच्या सामानाची यादी, वाटणीचे कागद, कोणतेही लिहिणे निघाले की ते माझ्याकडे येते. त्या अक्षराचा मला अभिमानही होता. परंतु २०११ च्या चैत्रात त्याच अक्षरात माझ्या हातून एक असा कागद लिहिला गेला, की त्याची आठवण झाली म्हणजे आजही मान खाली जाते.

जळगावात आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या मावशींचा मुलगा एका लहानशा दालमिलमध्ये कामास होता. वय ३०, पगार महिना ६,००० रुपये. मिल सात-आठ माणसांवर चालणारी. एके दिवशी चालू पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला आणि तीन बोटे गेली. मालकाने दवाखान्याचे बिल भरले व वर १५,००० रुपये पाठविले. त्या मिलचे हिशेब आमचे धाकटे भावजी पाहत असत. ते म्हणाले, “वहिनी, पावती तेवढी तुम्ही लिहून द्या. मावशींचा तुमच्यावर विश्वास आहे.” मी लिहिले, ‘वरील रक्कम राजीखुशीने मिळाली. यापुढे माझी कसलीही मागणी राहिली नाही.’ तो मुलगा माझ्याच शाळेत शिकलेला, त्याला सही येत होती. पण उजव्या हाताला पट्टी. म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठविला. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट, ‘मालक भला म्हणून एवढे तरी दिले,’ असे मीच मावशींना समजाविले.

पुढे माघात एका मुंजीसाठी मी धुळ्यास मामांकडे गेले. मामांनी उभे आयुष्य वकिलीत घालविलेले. बोलता बोलता मी त्या मालकाचा चांगुलपणा मोठ्या कौतुकाने वर्णन केला. मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, “पावती कोणी लिहिली?”

मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, “तुझे आजोबा इथल्या एका जिनात कारकून होते. हंगामात एखाद्या बाईची बोटे जिनात गेली, की तिला दिलेले पाच-दहा रुपये ते धर्मादाय खाती मांडीत. तू पावती लिहिलीस. आपल्या घराण्याचा हा जुनाच उद्योग दिसतो!”

खानदेश हा कापसाचा मुलूख. इथे जिन-प्रेसचा हंगाम चार-सहा महिन्यांचा. आणि हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा, १८८१ चा, शंभर किंवा अधिक माणसांच्या व वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. हंगामी जिने त्यातून सहज निसटत. ती १९११ च्या कायद्याने कक्षेत आली. तथापि जायबंदी झालेल्या मजुराला भरपाई मिळण्याची सोपी वाट तेव्हाही नव्हती. ती १९२३ च्या कायद्याने झाली. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. आजोबा धर्मादाय खाते लिहीत होते, तेव्हा हा कायदा होऊन दहा वर्षे लोटली होती.

त्या कायद्याचे मर्म मामांनी मला त्या रात्री समजावून दिले. काम करीत असता, कामामुळे अपघात झाला, की भरपाई देणे मालकावर बंधनकारक. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगार नशेत असेल, किंवा त्याने जाणूनबुजून हुकूम मोडला असेल, यंत्राचे संरक्षक साधन काढले असेल, तर गोष्ट वेगळी; पण केवळ गाफीलपणाने हक्क बुडत नाही. मामांनी कागद घेऊन हिशेब मांडला. ६,००० रुपयांचे ६० टक्के, म्हणजे ३,६००. तिसाव्या वर्षासाठी कायद्याने ठरविलेला गुणक २०७.९८. गुणाकार ७,४८,७२८ रुपये. एका हाताची तीन बोटे गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरीत. तेव्हा देणे झाले २,२४,६१८ रुपये. दवाखान्याचा खर्चही २०१० पासून मालकाच्याच माथी होता, म्हणजे तोही उपकार नव्हे. आणि हक्क सोडून दिल्याचा माझा तो सुबक कागद कायद्याच्या दृष्टीने निरर्थक होता. मागणी करण्यास मुदत मात्र दोनच वर्षांची. त्यातील दहा महिने माझ्या अज्ञानात गेले होते.

जळगावास परतल्यावर मी ही गोष्ट घरात काढली, आणि आमच्या शांत घरात प्रथमच मोठा वाद झाला. भावजी म्हणाले, “वहिनी, चूक त्या पोराची. चालू पट्ट्यात हात घातला कोणी? मालकाने माणुसकीने दिले, त्यावर आता कज्जा करावयाचा? आणि माझ्या कामाचे काय?” त्यांचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नव्हते, त्यांच्या मिळकतीत त्या मिलचा वाटा होता. मी गप्प बसले. तेवढ्यात माळ ओढीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “किराण्याची उधारी फेडलीस, तर ती दानाच्या खाती लिहितेस का गं? दान वेगळं, देणं वेगळं. देणं ठेवून दान करू नये.”

दुसऱ्या दिवशी मालकास द्यावयाची नोटीस मामांच्या सांगण्याप्रमाणे मीच लिहिली. प्रकरण आयुक्तांपुढे दीड वर्ष चालले, आणि रक्कम व्याजासह मिळाली. भावजींचे ते काम गेले. कित्येक महिने ते माझ्याशी मोजकेच बोलत. त्या मुलाची बोटे काही परत आली नाहीत. तो आता डाव्या हाताने सही करतो. मावशींनी मला पेढे आणून दिले, ते घेताना मात्र मला संकोच वाटला; कारण पहिला कागदही माझाच होता.

१९२३ चा कायदा आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. मूळ तत्त्व कायम आहे. शिवाय घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसल्यास, तिने भरपाईच्या कक्षेत घेतला आहे. पण कायदा पुस्तकात असतो, आणि अंगठा उठविणाऱ्या माणसापुढे असतो तो कुणीतरी लिहिलेला कागद. तो कागद बहुधा आपल्यासारख्यांच्याच घरी लिहिला जातो. कुणी आपल्याकडे असा मजकूर लिहून मागितला, तर लेखणी उचलण्यापूर्वी ही रक्कम दान आहे की देणे, एवढे तरी आपण विचारावे.