साठ कीं दहा?

दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या आठवीच्या वर्गांत मोठा वाद माजला. किल्ला करावयाचा हें सर्वांस मान्य होतें. पारोळ्याचा भुईकोट किल्ला मुलांच्या नित्य डोळ्यांपुढें असतो; 1727 सालीं हरि सदाशिव दामोदर यांनीं तो बांधविला असें सांगतात. परंतु मुलांस नुसता तट व खंदक नको होता, छापा हवा होता. म्हणून 1673 सालचा पन्हाळा ठरला. कोंडाजी फर्जंद यांनीं निवडक साठ माणसांनिशीं रात्रीं चढून तो घेतला होता. आतां ह्या साठांसाठीं शिपाई कोणते घ्यावे, येथें घोडें पेंड खाऊं लागलें.

एक पक्ष म्हणे, बाजारांत इंचभर उंचीचे प्लॅस्टिकचे शिपाई पिशवीनें मिळतात, ते आणावे. साठ म्हणजे साठच हवेत. दुसरा म्हणे, बोटभर उंचीचे शाडूचे दहाच करावे, पण ते ओळखूं यावे. मी प्रथम पहिल्या पक्षास अनुकूल होतों. हिशेब सरळ होता. बोटभर, म्हणजे सुमारें 54 मिलिमीटरांचा शिपाई खर्‍या माणसाच्या बत्तिसाव्या हिश्शाइतका असतो. त्या मापानें 1.8 मीटर लांबीच्या आमच्या मेजावर जेमतेम 58 मीटर भूमि मावते. म्हणजे एक दरवाजा, थोडा तट आणि एक चौकी. इंचभर शिपायांस तेंच मेज सव्वाशें मीटरांचें होतें.

म्हणून पिशवी आणली. खेळ अर्ध्या तासांत आटोपला. शिपाई मूठमूठ सरकत आणि मूठमूठ आडवे होत. पडलेले गोळा करतांना ते कोणीं मोजलेही नाहींत. शिवाय सर्वांच्या हातीं बंदुका व डोकीवर लोखंडी टोप! असले लोक पन्हाळ्यास आले कोठून?

मग शाडू आणला. दिवाळींत कुंभाराकडे मिळणारीं चित्रें सुबक असतात, परंतु त्यांत महाराजांची मूर्ति दरवाजाहून उंच आणि मावळा तिच्या गुडघ्याएवढा. पूजेस तें शोभतें. खेळांत सर्वांचें माप एकच हवें. आम्हीं प्रत्येकाच्या पोटांत तार घातली आणि पायाखालीं रुंद चकती दिली, कारण उंच शिपाई लवकर कलंडतो. सर्वांनींच तलवार उगारलेली असावी, हा मुलांचा हट्ट मात्र मीं मोडला. दोर धरणारा हवा, डुलकी घेणारा पहारेकरी हवा, कर्णा फुंकणारा हवा. कर्ण्यांच्या आवाजानेंच गडावर गोंधळ उडाला असें सांगतात. मातीचा कर्णा तीनदां मोडला. शेवटीं तो तारेचा केला.

ह्याच सुमारास एका पालकांनीं मला विचारलें, "सर, सकाळीं प्रार्थनेंत शत्रूवर प्रीति करण्यास शिकवितां, आणि दुपारीं हें काय?" मजपाशीं तयार उत्तर नव्हतें. एच. जी. वेल्स यांनीं शिशाच्या अशाच बोटभर शिपायांच्या खेळावर 1913 सालीं 'लिटल वॉर्स' नांवाचें पुस्तक लिहिलें आणि त्याच्या शेवटीं खर्‍या युद्धाचा धिक्कार केला, इतकें मीं सांगितलें. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, हें त्या गृहस्थांनीं मला ऐकविलें.

शनिवारीं दहांचा खेळ झाला. चौकीवर सहा पहारेकरी होते. त्यांतील एकास एका मुलानें आपल्या आजोबांसारख्या झुपकेदार मिशा दिल्या होत्या. कवड्यांचें दान नेमकें त्याच्यावर उलटलें. मुलानें त्यावर हात ठेवला तो काढीना. "सर, हा पडला असेंच म्हणावें लागतें का? शरण आला तर?"

आमच्या नियमांत शरण येणें नव्हतें. वर्ग गप्प झाला. मग समोरचाच गडी म्हणाला, "बांधूं त्याला." दोर्‍यानें त्यास बांधलें. परंतु कैद्यावर पहारा ठेवण्यांत कोंडाजींचा एक माणूस अडकला, आणि दरवाजापाशीं नेमका तोच कमी पडला. त्या दिवशीं आमचा पन्हाळा कांहीं पडला नाहीं.

त्या पालकांस मीं हें अद्याप सांगितलेलें नाहीं. हा अंक त्यांच्या हातीं जाईलच.