दुखणं काळजाचं, मग हात कशानं गेला?

"डॉक्टरसाहेब, दुखणं काळजाचं म्हणला होता ना तुम्ही? मग हात कशानं गेला?"

पैठणच्या हातमागावर बसणाऱ्या एका ताईंच्या नवऱ्याने मला विचारलेला हा प्रश्न. उत्तर खरं तर मी दोन वर्षं आधीच द्यायला हवं होतं.

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा जिना चढताना दम लागत होता. लहानपणी घसा दुखून ताप आला होता, सांधे धरले होते. तो संधिवाताचा ताप. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या जाड आणि आखडलेल्या राहू शकतात. त्यांची मायट्रल झडप अशीच अरुंद झाली होती. ही झडप नेहमी चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. दीडपेक्षा कमी उघडली की आजार गंभीर. नाडीही अनियमित होती. मी लघवीची गोळी दिली, रक्त न गोठण्याची वॉरफेरिन दिली आणि "बंद करू नका" एवढंच म्हणालो. का, ते सांगितलं नाही.

दम कमी झाला. तपासणीला यायचं तर दिवसाची मजुरी बुडायची. गोळ्या सुटल्या. एका संध्याकाळी तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं. अंगावरून वारं गेलं म्हणून घरच्यांनी रात्रभर तेल चोळलं. सकाळी संभाजीनगरला पोहोचेपर्यंत गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत टळली होती.

मी भाऊंना आपल्या जायकवाडीचं उदाहरण दिलं. धरणाला २७ दरवाजे. ते नीट उघडले नाहीत तर पाणी मागे तुंबतं. तसंच झडप अरुंद झाली की रक्त डाव्या कप्प्यात तुंबतं. त्यात ठोके अनियमित, म्हणजे तो कप्पा आकुंचन न पावता नुसता थरथरतो. साचलेलं रक्त गोठतं. त्यातली गुठळी सुटली की कालव्यातून चारीत जावी तशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिनीत अडकते. त्या चारीखालचं रान कोरडं पडतं. ताईंच्या मेंदूचं बोलण्याचं आणि उजव्या हाताचं रान कोरडं पडलं.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन लागतो वीस टक्के. साठवून ठेवायची सोय नाही. म्हणून दुसरी, महाधमनीची झडप अरुंद झाली तर गुठळीशिवायही त्रास होतो: श्रम करताना मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस भोवळ येऊन पडतो. उतारवयात अशा भोवळीला 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नका.

वॉरफेरिन दम कमी करण्यासाठी नसते, मेंदू वाचवण्यासाठी असते. म्हणून बरं वाटलं तरी ती चालू ठेवायची. अशा रुग्णांत आयएनआर साधारण दोन ते तीन ठेवतो. त्यासाठी ठरल्याप्रमाणे रक्त तपासा. शौचाला काळी झाली किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच कळवा, पण गोळी मनाने बंद करू नका. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, तर तेल नको, गाडी काढा.

ताई आता थोडं बोलतात. नक्षी विणता येत नाही, डाव्या हाताने कांड्या भरतात. गोळी लिहून दिली की आता मी पेन खाली ठेवतो आणि ती कशासाठी, ते आधी सांगतो.