कार्बोरेटर खोलण्याआधी



तू पाठवलेला व्हिडिओ सहा वेळा ऐकला. हो, ऐकला. इतकी वर्षं मशीनशी संसार केल्यावर डोळ्याआधी कान जातो. तिसऱ्या ओढीला होडीचं इंजिन लागलंय, आवाज भरलेला आहे, कुठे मिसिंग नाही. म्हणजे प्लगला ठिणगी आहे, कॉम्प्रेशनही आहे. शेवटी मात्र आवाज एकदम चढतो, किंचाळल्यासारखा होतो आणि विझतो. तू लिहितोस, खाडीच्या तोंडापर्यंत नीट जातं, तिथे मरतं, आणि तू वल्ही मारून घामाघूम झालास की पुन्हा लागतं. खाली तुझा निकाल : ‘काका, कार्बोरेटर गेला. उद्या खोलतो.’

खोलू नकोस.

सातव्यांदा व्हिडिओ बघितला, तेव्हा कोपऱ्यात पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दिसला. चिंचोक्यासारखा चपटा झालाय. इंजिन पेट्रोल ओढतंय, पण टाकीत त्या जागी हवा शिरत नाहीय. लाल टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू आहे ना, तो हवेचा. पावसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून दादाने तो आवळून ठेवला असणार. दर वर्षी ठेवायचा, आणि नारळी पौर्णिमेला सोडायला दर वर्षी विसरायचा. इंजिन बंद पडलं की हळूहळू कुठून तरी हवा शिरते, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा लागतं. स्क्रू सैल कर आणि एक फेरी मारून ये.

स्क्रू उघडाच निघाला, तर पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने तूही जा. टाकीतल्या नळीच्या तोंडाची जाळी, मग नळी, मग फुगा. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. दाबून तो दगडासारखा घट्ट झाला पाहिजे. होत नसेल तर कुठेतरी हवा धरतोय. बहुतेक वेळा नळीच्या टोकाच्या कनेक्टरमधली पाच-दहा रुपयांची रबरी रिंग चिरलेली असते. फुगा घट्ट होतोय, तरी इंजिन दमतंय, अशा वेळी कोणाला तरी फुगा दाबत बसव. दाबल्यावर इंजिन उचल घेत असेल तर दोष पेट्रोल पंपात. त्यातला पातळ पडदा क्रँककेसच्या दाबावर हलतो. जुना झाला की कडक होतो, चिरतो. पडदा बदलायला अर्धा तास पुरतो, आणि कार्बोरेटरला हातसुद्धा लावावा लागत नाही.

आता पेट्रोलबद्दल. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, म्हणजे टाकी दोन महिने शेडमध्ये, आणि मला खात्री आहे, अर्धी भरलेली. आमच्या वेळी जुनं पेट्रोल फार तर शिळं व्हायचं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी पितं. देवगडच्या जुलैत त्याला प्यायला काय कमी? पाणी फार झालं की ते आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. नळी ओढते ती तळातूनच. वर आपण पेट्रोलमध्ये घातलेलं टू-टी ऑईल त्या थरात जवळजवळ नसतं, म्हणजे पिस्टन कोरडा घासणार. लोणच्याची एक काचेची बरणी घे, टाकीच्या तळातलं पेट्रोल काढ आणि खिडकीत ठेव. खाली वेगळा थर किंवा मण्यांसारखे थेंब दिसले, की सगळं पेट्रोल बाजूला काढ. गाळून वापरण्याची काटकसर करू नकोस. नवीन घालताना १० लिटरला २०० मिली ऑईल, मोजून. अंदाजाने नाही. आणि हे काम होडीत बसून नाही. पेट्रोलची वाफ जड असते, होडीच्या तळात साठते, आणि शेजारी कोणीतरी विडी ओढत असतोच.

एवढं करूनही इंजिन फक्त चोकवर चालत असेल, किंवा फुल्ल सोडल्यावर पळतं पण स्लोवर उभं राहत नाही, तर मात्र खोल. स्लोवरचं दुखणं म्हणजे बारीक जेट तुंबलाय. खाली पांढरा पंचा अंथर, प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढ. कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत किती आटे बसतात ते मोजून लिहून ठेव. बसवताना तेवढेच मागे. फ्लोटच्या भांड्यात पिवळट, चिकट, वार्निशाच्या वासाचा थर दिसेल. तो क्लीनरमध्ये भिजू दे. जेट उजेडाकडे धरून बघ, पलीकडचं आभाळ गोल दिसलं पाहिजे.

आणि त्यात तार घालू नकोस. मी घातली होती. सायकलच्या ब्रेकच्या केबलमधली एक काडी, विशीतला उत्साह. भोक केसभर मोठं झालं आणि ते इंजिन पुढे वर्षभर पेट्रोल पीत आणि धूर ओकत फिरलं. प्लग काळे, बंदरावर हसू. दादा काहीच बोलला नाही, फक्त दर शनिवारी पेट्रोलची पावती माझ्या उशाला ठेवायचा. जेटमधून हवा मार, नाहीच निघालं तर तंगूसाचा बारीक तुकडा घाल. फ्लोटच्या सुईच्या टोकावर नखाला लागेल अशी खाच असेल, तर सुई नवीन घे, नाहीतर कार्बोरेटर ओव्हर होत राहील.

येत्या मे अखेरीस इंजिन पिंपात बुडवून गोड्या पाण्यावर चालव, मागची पाण्याची धार पडतेय ना ते बघ, आणि चालू असतानाच पेट्रोलची नळी काढून घे. कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू दे. नंतर टाकी रिकामी कर. दादाने हे कधी केलं नाही, मीही सांगून थकलो.

माझा गुडघा बरा असता तर एव्हाना दिवा पॅसेंजर धरली असती. डोंबिवलीत बसून सांगण्यापलीकडे काही करता येत नाही. वहिनीला नमस्कार सांग. आणि स्क्रू बंद होता की उघडा, ते आज रात्री जेवणाआधी फोन करून कळव.

तुझा,
काका