खाटल्यावरी

ज्याचं नाव देवानं सृष्टीच्या आधीच लिहून ठेवलं, त्याला हाक मारायला समुद्र ओलांडून कशाला यायचं? मद्रासमधल्या एग्मोरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये गेले की हे मनात येतंच. घुमट आतून निळा, त्यावर सोनेरी तारे. जमीन भुसभुशीत, म्हणून विहिरी खणून त्यांवर पाया घातलेला. १८२१ साली हे चर्च उघडलं ते स्कॉटिश लोकांसाठी. कोण तरणार हे देवानं आधीच ठरवलंय, माणसाच्या पुण्याईनं त्यात फरक पडत नाही, ही त्यांच्या पंथाची शिकवण. तरीही १८३७ मध्ये जॉन अँडरसन स्कॉटलंडहून मद्रासला आला, त्यानं शाळा काढली. १८४१ मध्ये तिथले पहिले बाप्तिस्मे झाले आणि घाबरलेल्या आईबापांनी भराभर मुलं काढून घेतली. तो शिकवतच राहिला. १८५५ मध्ये मद्रासलाच वारला.

‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी.’ आजी ही म्हण आळशी माणसाला उद्देशून म्हणायची. पण शेवटी ती स्वतःच खाटेला खिळली आणि शेजारच्या काकू रोज पेज घेऊन यायच्या. वाटी पदराखाली धरलेली, वर ताटली झाकलेली. आजी हात जोडायची ते हरीला, काकूंना नव्हे. काकूंनाही त्यात वावगं वाटत नसे. म्हणजे हरी खाटल्यावर देतो, पण वाटी कुणीतरी आणावीच लागते. अँडरसनचंही असंच असेल का? निवड देवाची, निरोप्या आपण. कुणाचं नाव लिहिलंय ते निरोप्याला ठाऊक नाही, म्हणून दार प्रत्येकाचं वाजवायचं. हे मला पटतं. मग ज्या खाटेपाशी कुणी गेलंच नाही, तिचं काय, असं मनात येतं आणि पटलेलं सुटून जातं.

हा वाद या गावाला नवा नाही. इथल्या ट्रिप्लिकेनचं पार्थसारथी मंदिर वैष्णवांच्या तेंगलै परंपरेचं. त्यांच्यातलीच दुसरी शाखा वडगलै. वडगलै म्हणतात, जीव माकडाच्या पिलासारखा, आईला त्यानं धरायला हवं. तेंगलै म्हणतात, मांजराच्या पिलासारखा. आईच मानगूट धरून नेते, पिलानं काही करायचं नसतं. आणि या दोघांचेही आचार्य रामानुज! गुरूनं गुप्त राखायला सांगितलेला मंत्र त्यांनी तिरुकोष्टियूरच्या गोपुरावर चढून सगळ्यांना ओरडून सांगितला, आपण नरकात गेलो तरी चालेल म्हणून, अशी कथा आहे. तारणारा देवच असेल, तर इतकं ओरडावंसं का वाटलं असेल?

त्याच मंदिरामागच्या गल्लीत एकदा मांजर पिलं हलवताना पाहिली. तीन नेली. चौथं ओट्याच्या कोपऱ्यात, डोळे नुकते उघडलेलं, ओरडत होतं. अंधार पडला तरी ती आली नाही. माणसाचा हात लागला की मांजर पिलाला घेत नाही, असं आजी सांगायची. खरं की खोटं, देव जाणे. मी वाकले, हात पुढे केला, आणि तसाच धरून किती तरी वेळ उभी राहिले.